सहा फूट आकाश

फ्रेझ्नो,
१४ सप्टेंबर १९३६

प्रिय विनी,

चार महिन्यांनी लिहिते आहे आणि तेही कामापुरतं. आपल्या शाळेतल्या सिस्टर पर्पेच्युआ असत्या तर म्हणाल्या असत्या, "फिलोमिनाला देव आठवतो तो परीक्षेच्या आठवड्यात." तुझा गुडघा कसा आहे? इकडे मनुकांची धांदल चालू आहे. द्राक्षं फळ्यांवर वाळत पडली आहेत आणि सगळं गाव ढगांकडे चोराकडे बघावं तसं बघत आहे.

काम असं. फादर क्विल चर्चच्या हॉलमध्ये चोवीस ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी, एक बोलपट दाखवणार आहेत. हॉलला नवी शेगडी हवी, म्हणून तिकीट. बोलपटाचं नाव «निळ्या किरणाचा मालक». जाहिरातीच्या चित्रात एक म्हातारा शास्त्रज्ञ दात विचकून उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर तीन विमानं पेटली आहेत. मी समितीत असल्यामुळे विचारलं, "फादर, सभ्य आहे ना?" तर म्हणतात, "फिलोमिना, त्यात बाई एकच आहे आणि ती पूर्ण वेळ हेल्मेट घालून आहे."

चर्चने काढलेल्या सिनेमांच्या यादीत याचं नाव चांगल्यांत नाही आणि वाईटांतही नाही. पाप करण्याइतकेही पैसे नसावेत त्यांच्याकडे. तू सत्तावीस वर्षं त्या धंद्यात फिल्म कापलीस. एकदा बघून ये आणि मला दोन ओळी कळव.

आणखी एक. आईने यायचं म्हटलं आहे. मी म्हटलं, "आई, विमानांचा सिनेमा आहे." ती म्हणाली, "वाचता येतं मला." लीओ गेल्याला या मार्चमध्ये सात वर्षं झाली. सिनेमासाठी विमान उडवताना माझा भाऊ कसा गेला ते तुला सांगायला नको, आणि सात वर्षं या घरात त्याचं नाव कुणी का घेत नाही तेही तुला माहीत आहे. एरवी मी आईसमोर विमान हा शब्दही काढत नाही. ती एक्याऐंशी वर्षांची आहे आणि आता तिला पडद्यावर विमानं बघायची आहेत. मी काय करू?

तुझी,
फिलो

लॉस एंजेलिस,
२० सप्टेंबर १९३६

प्रिय फिलो,

आधी हे वाच, मग बाकीचं. तो सिनेमा हॉलमध्ये लावू देऊ नकोस. फादर क्विलना वाटेल ते कारण सांग. माझं नाव सांग, म्हणावं विनिफ्रेड किहो म्हणते की हा सिनेमा दाखवणं पाप आहे.

आता खुर्चीवर बस आणि पुढचं वाच.

काल दुपारच्या खेळाला गेले. हसायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? पहिली वीस मिनिटं हसलेही. शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा म्हणजे सोडावॉटरच्या कारखान्यातलं भंगार आहे. यंत्रमानवाच्या पोटावर बॉयलर बनवणाऱ्याचं नाव रंगाखालून अजून वाचता येतं. नायक चाकांच्या विमानातून उडतो, ढगात शिरतो आणि बाहेर येतो तो पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून. तो ढगही एकच. सात वेळा आला. सातव्यांदा मला त्याला ओळख दाखवावीशी वाटली. माझ्या मागे दोन बायका बसल्या होत्या.

"अगं, विमानाला दोरी बांधलेली दिसतेय."

"दोरी नाही ती, किरण आहे."

"मग वाऱ्याने हलतोय कसा?"

अशा कंपन्या स्वतः विमानं पाडत नाहीत, तेवढी त्यांची ऐपत नसते. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या युद्धपटांतली पडलेली विमानं त्या फुटाच्या भावाने विकत घेतात आणि मध्ये आपला म्हातारा उभा करतात. म्हातारा कळ दाबतो, विमान पडतं. पुन्हा कळ, पुन्हा विमान. आमच्याकडे ही रीत जुनी आहे आणि मीही असे तुकडे जोडले आहेत, तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही.

चौथ्यांदा म्हाताऱ्याने कळ दाबली आणि लीओ पडला.

फिलो, मी चुकत नाही. पंखावर एकतीस आकडा होता. खाली निलगिरीची रांग होती आणि एक फळी निखळलेली ती पाण्याची लाकडी टाकी. आपण दोघी फुलं घेऊन गेलो होतो तेव्हा त्याच टाकीच्या सावलीत तू बसली होतीस. कॅमेरा विमानाबरोबर जमिनीपर्यंत येतो. मग धूळ. मग लोक धावतात. मग पुन्हा तो म्हातारा, हात चोळत, "हा हा हा! आता जग माझं आहे!"

आणि फिलो, पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या मारल्या. एका बाईने आपल्या नातवाला खांद्यावर घेतलं, त्याला नीट दिसावं म्हणून.

ती फिल्म जाळली असं मला कंपनीत सांगण्यात आलं होतं. मी ते तुला तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलं होतं. कुणी जाळली नाही. आमची कंपनी मंदीत बुडाली, तिचं कपाट विकलं गेलं आणि त्या कपाटातून माणसाचं मरण फुटाच्या भावाने बाहेर पडलं. नन्सनी आपल्याला नरकाची वर्णनं वाचून दाखवली, पण त्यात हे कुठे नव्हतं.

मी उठून गेले नाही. खेळ तीनदा पाहिला. का, ते आज विचारू नकोस.

तुझ्या आईंना येऊ देऊ नकोस.

विनी

फ्रेझ्नो,
२५ सप्टेंबर १९३६

विनी,

तुझं पत्र मी ओट्याशी उभी राहून वाचलं, बसले नाही. आता तीन दिवस मला कुठेही बसलं की ती टाकी दिसते.

फादर क्विलना सांगितलं. ते पांढरेफटक पडले. आता हॉलमध्ये कुत्र्याचा सिनेमा लागणार आहे. आईला मी सांगितलं की फिल्म खराब निघाली. ती म्हणाली, "बरं." तिचं "बरं" तुला माहीत आहे.

पण तुला एक विचारते आणि तू न विचारायला सांगितलंस म्हणूनच विचारते. तीनदा? माझा भाऊ मरताना तू एका दुपारी तीनदा पाहिलास? पहिल्यांदा धक्का बसला असेल, पाय हलले नसतील, समजू शकते. दुसऱ्यांदा? तू त्या धंद्यात इतकी वर्षं राहिलीस की तुलाही तो फक्त फिल्मचा तुकडा दिसतो का?

आणि इतका कांगावा तरी कशाला! लीओला कुणी पाडलं नव्हतं. किरणाने नाही आणि कंपनीनेही नाही. मृत्यूच्या चौकशीचा निकाल माझ्याकडे कपाटात आहे. "कंपनीच्या जाणकाराच्या मते विमानातून निघालेला धूर काळा, म्हणजे नाटकासाठी भरलेल्या काजळीचा होता. तो वैमानिकाने स्वतः खटका ओढून सोडला. त्याअर्थी विमान त्याच्या ताब्यात होतं, तरी त्याने ते वर घेतलं नाही." वर घेतलं नाही, विनी. घेता आलं नाही असं लिहिलेलं नाही. आधीच्या रविवारी तो या घरातून दार आपटून गेला होता आणि गुरुवारी त्याने विमान वर घेतलं नाही. गावाला दोन आणि दोन चार करता येतात. स्वतः जीव देणाऱ्याला चर्च माती देत नाही, तरी तेव्हाच्या फादरनी त्याला दफन दिलं हीच त्यांची कृपा.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, चर्चमध्ये घरोघरच्या मृतांची नावं वाचली जातात. आमच्या घरून नावांच्या यादीचं पाकीट जातं. त्यात बाबा असतात, आजी असते, आयर्लंडात कॉर्कला राहिलेले दोन काका असतात. सात वर्षांत लीओचं नाव एकदाही वाचलं गेलेलं नाही. त्याने स्वतः निवडलं. माझी एवढीच इच्छा आहे की ते निवडणं लोकांनी तिकीट काढून बघू नये.

फिलोमिना

लॉस एंजेलिस,
३ ऑक्टोबर १९३६

प्रिय फिलो,

तीनदा का पाहिला, ते सांगते. आठवडाभर कागद पुढे घेऊन बसते आहे आणि उठते आहे.

पडद्यावर तो धूर पांढरा होता.

पहिल्यांदा वाटलं, मला रडू येतंय म्हणून तसं दिसतंय. दुसऱ्यांदा चष्मा पुसून बसले. तिसऱ्यांदा पहिल्या रांगेत, पोरांमध्ये. नाकाडातून फुटलेला पांढरा लोट थेट मागे, लीओच्या तोंडावर. काजळी अशी नसते आणि ती नाकाडातून येतही नाही, तिची नळी शेपटीकडे असते. ती वाफ होती. इंजिनातलं उकळतं पाणी फुटून त्याच्या अंगावर आलं. त्याने कुठलाही खटका ओढला नाही. त्याला समोरचं दिसतच नव्हतं.

तरी म्हटलं, या भिकार लोकांनी छापताना काही घोळ घातला असेल. म्हणून मंगळवारी गावर स्ट्रीटवर त्यांच्या कंपनीत गेले. गवत साठवायचं कोठार आहे ते, आत अजून वास येतो. मालक मिस्टर ऑर्म्सबी टटल. तेच दिग्दर्शक, आणि एका दृश्यात पोलीसही.

"बाई, तक्रार असेल तर लेखी द्या," म्हणाले.

म्हटलं, "मी सत्तावीस वर्षं फिल्म कापली आहे. तुमच्या सिनेमातलं चांगलं तेवढं ठेवायचं तर दहा मिनिटं पुरतील आणि उरेल ते तिकिटाच्या पाठीवर मावेल. मला चौथं विमान बघायचंय."

"कुठलं चौथं? आमच्याकडे अकरा पडतात."

"ज्यात माणूस आहे ते."

"विमानात माणूस असतोच की हो."

"मेलेला माणूस, मिस्टर टटल. त्याचं नाव लीओ डॉकरी. त्याची आई जिवंत आहे."

त्यांनी हॅट काढली. आतापर्यंत कोठारातही ती घालून बसले होते. म्हणाले, "देवाशपथ, आम्हाला ठाऊक नव्हतं. डब्यावर एवढंच लिहून आलं होतं." आणि डबा दाखवला. त्यावर लिहिलं होतं: विमान, कोसळणं, उत्तम.

त्यांच्याकडे फिल्म कापणारी थेल्मा नावाची बाई आहे. तिने अख्खी पट्टी माझ्यासमोर ठेवली. कंपनीने त्यांना विकलेली, काही न कापलेली. छपाईत घोळ नव्हता. शेवटी जमीन येते, लोक धावतात, आणि त्यांचे चेहरे गोरे आहेत, बूट काळे आहेत, मेकॅनिकचा अंगरखा पांढरा आहे. चेहरे चेहऱ्यांसारखे, मग धूरही जसा दिसतो तसाच. पांढरा.

आता पुढचं. तुझ्या कपाटातल्या कागदावर जो "कंपनीचा जाणकार" आहे ना, ती मी.

सात वर्षं तुला सांगितलं नाही. कारण मला वाटायचं मी खरं तेच सांगितलं होतं आणि ते खरं तुला दुखवेल.

लीओ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी स्ट्रेक नावाचे साहेब आमच्या कापणीच्या खोलीत आले. हातात सहा फुटांची पट्टी. "विनिफ्रेड, हा धूर कसला, पांढरा की काळा? चौकशीला लिहून द्यायचंय." मी खिडकीशी जाऊन पट्टी उजेडात धरली. आकाश गडद होतं आणि त्यावर धूर पांढरा.

तुला हे समजायला हवं, म्हणून सांगते. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. आकाश उजळ असतं ते काळं दिसतं, आणि काळा धूर पांढरा. आम्ही दिवसभर निगेटिव्ह हाताळायचो. तुझी बोटं जपमाळेवर चालतात तसे माझे डोळे उलट्याचं सुलटं करायचे, विचारसुद्धा न करता. गडद आकाश दिसलं, म्हणजे निगेटिव्ह. पट्टीवर धूर पांढरा, म्हणजे खरा काळा. "काळा. काजळी," मी म्हटलं, आणि लिहून सही केली. एक मिनिटही लागलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन रिळं पूर्ण करायची होती.

ती निगेटिव्ह नव्हती, फिलो. ढग उठून दिसावेत म्हणून विमानांच्या सिनेमात कॅमेऱ्याला लाल काच लावायचे. लाल काचेतून निळं आकाश मुळातच काळं येतं. माझ्या हातात सरळ छापलेली पट्टी होती आणि मी सुलट्याचं उलटं केलं. खोलीत नवी आलेली एखादी पोर असती तर बघून म्हणाली असती, "पांढरा." मला मात्र कला येत होती ना!

आणि हे ऐक. अख्खी पट्टी एकशे दहा फूट आहे. तिच्यात चेहरे आहेत. चेहरे दिसले असते तर मी चुकले नसते. स्ट्रेकसाहेबांनी मला फक्त सहा फूट आकाश कापून आणून दिलं. मी "काळा" म्हटलं तेव्हा ते क्षणभर थांबले, मला आठवतं. मग म्हणाले, "तुझ्याइतकं कोण जाणतं!" इंजिन फुटलं हे त्यांना ठाऊक होतं. चुकायचं मला होतं आणि त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. ते आता मेले आहेत. त्यांना चार शब्द सुनावायला मिळाले नाहीत, याची चुटपुट लागली आहे.

पण सही त्यांची नाही. माझी आहे.

लीओने विमान वर घेतलं नाही असं नाही. त्याला ते घेता आलं नाही.

विनी

लॉस एंजेलिस,
१४ ऑक्टोबर १९३६

फिलो,

तुझं उत्तर नाही. नसू दे, मागत नाही.

काल चौकशीच्या कचेरीत जाऊन शपथेवर लिहून दिलं, प्रत सोबत आहे. थेल्मानेही अख्ख्या पट्टीबद्दल सही केली. कारकून आपल्याच धर्मातला निघाला. म्हणाला, "बाई, पांढरा की काळा एवढंच ना? रोममध्ये नवा पोप ठरला का ते कळायला लोक धुराचा रंग बघत थांबतात. इथे सात वर्षांनी कोण थांबलंय?"

म्हटलं, "एक आई थांबली आहे. शिक्का मारा."

मारला. जुन्या निकालाला हा कागद जोडला जाईल, असं लेखी दिलं आहे. मिस्टर टटल म्हणतात, पुढच्या प्रतींतून ते विमान काढतो. मी म्हटलं, "तुमची दहाच पडतील मग." ते हसले नाहीत. माणूस बरा आहे.

विनी

फ्रेझ्नो,
२७ ऑक्टोबर १९३६

विनी,

तुझं तीन तारखेचं पत्र वाचलं आणि चुलीत टाकलं. मग हात घालून बाहेर काढलं. दोन बोटं भाजली. उशीर त्यामुळे झाला असं लिहिता आलं असतं, पण डावा हात भाजला होता.

दहा दिवस मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते सिस्टर पर्पेच्युआंनी ऐकलं असतं तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं. एक मिनिट लागलं नाही म्हणतेस! आम्हाला सात वर्षं लागली.

मग तो शिक्क्याचा कागद आला. त्या दिवशी आई मनुकांचे देठ काढत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. ती देठ काढतच राहिली. मग विचारलं, "किती पांढरा?"

"खूप, म्हणते विनी."

"मला बघायचाय."

"आई, तो मरताना दिसतो त्यात."

"मी त्याला जन्मताना पाहिलंय," ती म्हणाली. "तेही काही बघण्यासारखं नव्हतं."

ती शाल घेऊन स्वतः फादर क्विलकडे चालत गेली. तिथे दोघांत काय युक्तिवाद झाला ते मला माहीत नाही, पण शनिवारी कुत्र्याचा सिनेमा लागला नाही. लागला तुझा «मालक».

सुरू होण्याआधी फादर पडद्यासमोर उभे राहिले. हॉल पोरांनी भरला होता. ते म्हणाले, "यात अकरा विमानं पडतात. दहा खोटी पडतात, त्यांना हव्या तितक्या शिट्ट्या मारा. चौथ्यात या गावचा माणूस आहे. त्याचं इंजिन फुटलं होतं." एवढंच. मी सात वर्षं ज्या गोष्टीला कान बंद करून बसले होते, ती त्यांनी भर हॉलमध्ये, पोराटोरांसमोर, उद्याच्या भजनाची वेळ सांगावी तशी सांगितली.

विमानं पडू लागली. पोरं मोठ्याने मोजू लागली. "एक!" "दोन!" तुझ्या ढगालाही त्यांनी ओळखलं. "तीन!" आणि मग कुणी काही बोललंच नाही. यंत्राची घरघर ऐकू येत होती. मी डोळे मिटले, विनी. मी नाही बघू शकले. आई पहिल्या रांगेत होती. तिला आता लांबचं फारसं दिसत नाही, पडद्यावर फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्या शांततेत तिचा आवाज आला, खणखणीत, बाजारात दूध पारखावं तसा.

"पांढरा आहे."

मग ती उठली आणि घरी आली. पुढची सात विमानं तिने बघितली नाहीत.

आता माझं ऐक. तू तुझं लिहिलंस, मला माझं लिहिलं पाहिजे, नाहीतर मला तुझ्यावर रागावताही येणार नाही.

त्या रविवारी लीओ दार आपटून गेला असं मी गावाला सांगितलं. दार मी आपटलं. तो विमान सोडायला तयार नव्हता आणि आई रडत होती. मी दारात उभी राहून त्याला म्हटलं, "जा मग, उड. आणि खाली येऊच नकोस." माझे शब्द हेच. गुरुवारी तो गेला, आणि चौकशीचा कागद आला की विमान त्याच्या ताब्यात होतं. माझ्यासाठी त्याचा अर्थ एकच होता. त्याने माझं ऐकलं. लहानपणापासून तो माझं ऐकायचा.

तुझ्या त्या एका सहीने मला हे सात वर्षं खायला दिलं, विनी. तुला हे माहीत असू दे.

आणि मी तुला लिहिलं होतं की आमच्या पाकिटात लीओचं नाव नसतं. असायचं. आई दर वर्षी सगळ्यांत वर त्याचं नाव लिहायची. पाकीट चर्चमध्ये नेऊन द्यायचं काम माझं. वाटेत मी ते उघडायचे आणि त्याचं नाव खोडायचे. नाव वाचलं तर लोक वळून बघतील, असं स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला ते ऐकवत नसे. आईला वाटायचं नाव दिलं आहे आणि फादरच ते वाचत नाहीत. निदान मला वाटायचं की तिला असं वाटतं.

शनिवारी हॉलमधून आल्यावर मी तिच्या पायाशी बसून हे कबूल केलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला. पहिल्या वर्षीच तेव्हाच्या फादरना विचारलं होतं. त्यांनी कागद दाखवला. तुझ्या खोडण्याची रेघ मी ओळखते, शाळेच्या वहीत अशीच खोडायचीस."

"मग दर वर्षी का लिहायचीस, आई?"

"खोडायचं म्हणजे आधी वाचायला लागतं ना," ती म्हणाली. "या घरात वर्षातून एकदा तरी कुणीतरी त्याचं नाव वाचायचं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. छप्पन्न वर्षांची बाई मी. तिने माझ्या केसांत हात फिरवला नाही. ती म्हणाली, "ऊठ, तुझं डोकं जड आहे."

सोमवारी दोन तारीख. या वर्षी आईने पाकीट स्वतः चिकटवलं, जिभेने, आणि उशाखाली ठेवलं आहे. मला हात लावू देत नाही. ती स्वतः नेणार आहे आणि मी सोबत चालायचं आहे, बस. नाव वाचतील तेव्हा मला कान बंद करता येणार नाहीत, कारण तिने माझा एक हात धरून ठेवायचं ठरवलं आहे. दुसरा हात रिकामा आहे. तू ये. रविवारच्या सकाळच्या गाडीने नीघ, म्हणजे दिवेलागणीच्या आत पोहोचशील. गुडघ्याची सबब सांगू नकोस, तीन खेळ बसून काढलेस तू.

तुला माफ केलं का, असं विचारशील. विचारू नकोस. मी अजून स्वतःलाच केलेलं नाही. रांगेत तू माझ्या मागे उभी आहेस.

फिलो